निकाली काढलेला कठडा

आजच्या या निरोप समारंभाच्या अध्यक्षा, आपल्या प्रभाग कार्यालयाच्या सहायक आयुक्त मॅडम. प्रमुख पाहुणे आणि आपल्या प्रभागाचे माननीय नगरसेवक. व्यासपीठावरचे इतर मान्यवर. ज्यांच्याबरोबर मी पस्तीस वर्षं एकाच पंख्याखाली घाम पुसला ते माझे सहकारी. समोर बसलेले नागरिक. पहिल्या रांगेत अवघडून बसलेली माझी बायको. आणि त्या स्टँडवर लावलेल्या फोनमधून हा कार्यक्रम थेट पाहत असलेले सगळे, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

सत्काराला उत्तर द्यायला मला दहा मिनिटं दिली आहेत. मुख्य लिपिकाला सलग दहा मिनिटं बोलायला मिळावं, हे माझ्या नोकरीत पहिल्यांदाच घडतंय. आजवर मी जे काही बोललो ते 'आपल्या दिनांक अमुकच्या पत्रास अनुसरून' या भाषेत बोललो. तेव्हा सुरुवातीला अडखळलो तर सांभाळून घ्या.

माझ्याबद्दल आत्ता इथे फार चांगलं बोललं गेलं. मॅडमनी माझ्या हस्ताक्षराचं कौतुक केलं. नगरसेवक साहेब तर म्हणाले, की आपलं 'हाक' हे ॲप इतकं गाजलं त्यामागचा खरा मेंदू म्हणजे हा माणूस. टाळ्याही पडल्या. साहेब, तुम्ही अगदी खरं बोललात. मला आज त्याच मेंदूबद्दल बोलायचं आहे. पुष्पगुच्छ घेऊन, दोन गोड शब्द बोलून घरी जाता आलं असतं. सकाळी डबा भरताना बायको म्हणालीही, "शेवटचा दिवस आहे, कशाला वाकड्यात शिरता?" मग झाकण लावता लावता म्हणाली, "आणि बोलणारच असाल तर अर्धवट बोलू नका."

नवीन मंडळींसाठी थोडं मागचं सांगतो. तीन वर्षांपूर्वीपर्यंत आपल्याकडे तळमजल्यावर एक तक्रार खिडकी होती. तिथे ज्या बसायच्या त्यांना सगळे खिडकीताई म्हणतात. त्या आज शेवटच्या रांगेत बसल्या आहेत. गटार तुंबलं, दिवा गेला, शेजाऱ्याने भिंत पुढे सरकवली, काहीही असो, माणूस तावातावाने खिडकीशी यायचा आणि ताई जाड वहीत लिहून घ्यायच्या. लिहिताना विचारायच्या, "नक्की कुठे? कधीपासून? कुणाला लागलं तर नाही ना?" त्या वहीत शेवटचा रकाना होता, 'स्वतः पाहिले'. त्यात कुणाची तरी सही पडल्याशिवाय तक्रार मिटत नसे. ते दिवस सोन्याचे होते असं मी म्हणणार नाही. तक्रारी वर्ष वर्ष पडून राहायच्या, लोक आमच्या नावाने खडे फोडायचे आणि ते योग्यच होतं. पण न मिटलेली तक्रार निदान न मिटलेली दिसायची.

मग साहेब एका मोठ्या हॉटेलात तीन दिवसांचं शिबिर करून आले. विषय होता, लोकप्रतिनिधींनी ऑनलाइन साधनं वापरून नागरिकांशी संवाद कसा साधावा. आले ते भारावूनच आले. महिन्याभरात 'हाक' सुरू झालं. फोटो काढा, बटण दाबा, तक्रार थेट नगरसेवकांकडे. शिवाय दर शनिवारी सकाळी अकराला साहेब स्वतः लाईव्ह. खोटं कशाला बोलू, पहिले तीन महिने मला याचं मनापासून कौतुक वाटलं. एका शिक्षिकेने सकाळी फोटो टाकला आणि संध्याकाळी तिच्या गल्लीतला दिवा लागला. एका गृहस्थांना पायांनी चालता येत नव्हतं. आपल्या खिडकीच्या चार पायऱ्या त्यांना कधी चढता आल्या नाहीत. त्यांनी आयुष्यातली पहिली तक्रार घरात बसून केली. त्या ॲपमध्ये काही वाईट नव्हतं. जे वाईट होतं ते आम्ही घातलं.

खिडकी बंद झाली. त्या जागी साहेबांचा हसरा फोटो असलेला फलक बसवला, बरोबर खिडकीच्याच मापाचा. पूर्वी तिथे ताईंचा चेहरा दिसायचा, आता साहेबांचा दिसतो. फक्त तो काही लिहून घेत नाही.

हसताय, हसा. मीही तेव्हा हसलो होतो.

वरच्या मजल्यावर भला मोठा टीव्ही लागला. मिटलेली तक्रार हिरवी, सात दिवस उलटून गेलेली लाल. चौथ्या महिन्यात तो पडदा लाल व्हायला लागला. होणारच. हाका मारणारे हजार झाले आणि काम करणारी माणसं तेवढीच, गवंडी दोन आणि वेल्डर एक. साहेबांनी बैठक घेतली. म्हणाले, "बाहेरून पाहुणे येतात, हा पडदा बघतात. मला तिथे लाल दिसता कामा नये."

सगळे टेबलाकडे बघत बसले. तेव्हा मी घसा खाकरला. हो, मीच. मी म्हणालो, "साहेब, तक्रार संबंधित विभागाकडे पाठवली, की आपल्यापुरती ती निकालीच की. तसा शेरा मारता येईल."

साहेबांनी टेबलावर थाप मारली. "याला म्हणतात अनुभव!" दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पडदा हिरवागार झाला. बाहेर एक खड्डा बुजला नव्हता, एक नळ दुरुस्त झाला नव्हता. मला त्या दिवशी चहाबरोबर चांगल्यापैकी बिस्किटं आली आणि मी ती चवीने खाल्ली. आज ती आठवली तरी शिसारी येते.

आता पुलाबद्दल. या कार्यालयाच्या मागे नाल्यावर एक पादचारी पूल आहे, तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. इतका अरुंद, की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने अंग चोरायचं. पुलाच्या अलीकडे एक निवृत्त बसचालक राहतात. आपण त्यांना ड्रायव्हरकाका म्हणू, सगळी गल्ली तेच म्हणते. पलीकडे त्यांच्या बायकोची थोरली बहीण राहायची, अंथरुणाला खिळलेली. काकू रोज पाच वाजता डबा घेऊन पूल ओलांडायच्या, बहिणीला भरवायच्या, तिची वेणी घालायच्या आणि दिवेलागणीला परत यायच्या. पुलावरून सात मिनिटं. मोठ्या रस्त्याने वळसा घालून गेलं तर पाऊण तास. काकूंना एका डोळ्याने कमी दिसतं.

गेल्या वर्षी त्या पुलाचा उजवीकडचा कठडा चार हात लांबीचा तुटून नाल्यात पडला. काकूंची मुलगी नर्स आहे. तिने 'हाक'वर लिहिलं, "कठडा तुटला आहे. खाली खोल नाला आहे. माझी आई रोज इथून जाते, तिला कमी दिसतं. कृपया लवकर बघा." सातव्या दिवशी तिला उत्तर गेलं. "प्रिय नागरिक, आपली हाक आमच्यापर्यंत पोहोचली. आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. आपल्या सहकार्याबद्दल आभार." शेवटी हात जोडल्याचं चित्र. तिने दोन महिन्यांत सहा वेळा तक्रार टाकली. सहा वेळा हेच उत्तर गेलं. ते कोण पाठवत होतं? हा अंगठा.

पाचव्या उत्तरानंतर एक दिवस काका स्वतः आले. खिडकी शोधत फलकापाशी थांबले, तिथून कुणीतरी वर पाठवलं. मी संगणकावर बघितलं आणि म्हणालो, "काका, आमच्याकडे ही निकाली दिसतेय."

"माझ्याकडे तुटलेली दिसतेय," ते म्हणाले. "तुम्ही जाऊन बघितलंत का?"

"बघायचं काम त्या विभागाचं असतं."

"मग निकाली कुणी म्हटलं?"

मी म्हणालो, "सिस्टीमने."

काका रागावले नाहीत. खुर्ची ओढून बसले. म्हणाले, "मी एकतीस वर्षं बस चालवली. ब्रेक नीट लागत नसेल तर डेपोत लिहून द्यायचो. दुसऱ्या दिवशी काचेवर कागद चिकटवलेला असायचा, 'दुरुस्त'. मी आधी ब्रेक दाबून बघायचो, मग कागद वाचायचो. मागे पन्नास माणसं बसलेली असायची हो." एवढं बोलून ते उठले. पूल या कार्यालयापासून सहाशे चाळीस पावलांवर आहे. हे मला आज माहीत आहे. त्या दिवशी मी एकही पाऊल उचललं नाही. मी काकांची तोंडी तक्रारसुद्धा निकाली काढली.

त्यांनी वाट बघणं सोडलं. काकूंनी घरातली एक पांढरी चादर आणली आणि तुटलेल्या जागी या खांबापासून त्या खांबापर्यंत ताणून बांधली, दोन्हीकडे घट्ट गाठी मारून. माणूस पडताना चादर त्याला धरणार नव्हती. पण पांढरं काहीतरी दिसेल, इथे थांबायचं हे कळेल, एवढाच हिशेब. मुलीने त्याचाही फोटो टाकला होता. ती सहावी तक्रार.

पुढे साहेबांनी स्वच्छता मोहीम काढली. शनिवार, सकाळचे अकरा, लाईव्ह. हातमोजे, टोप्या, झाडू, सगळं नवं कोरं. मीही होतो. आम्ही पुलावर पोहोचलो, फोन साहेबांच्या समोर. त्यांना ती चादर दिसली. साहेब फोनकडे बघून म्हणाले, "पाहा मित्रहो, सार्वजनिक पुलावर लोक चादरी वाळत घालतात! ही मानसिकता बदलायला हवी." आणि मला खूण केली.

मी पुढे झालो. माझ्या पायापुढे चार हात मोकळी हवा होती आणि खाली काळं पाणी. मला कठडा तुटलेला दिसला. 'दिसलं नव्हतं' असं म्हणायची मला फार इच्छा होते, पण दिसला. मी हळूच म्हणालो, "साहेब, इथे कठडा नाहीये."

साहेब ओठ न हलवता म्हणाले, "लाईव्ह चालू आहे. नंतर."

मी गाठी सोडल्या. पहिली पटकन सुटली. दुसरी इतकी घट्ट होती, की मला नखं लावावी लागली. चादर मी कचऱ्याच्या गाडीत टाकली. फोनच्या पडद्यावर बदाम उडत होते, चारशे, पाचशे. लोक लिहीत होते, असाच नगरसेवक हवा. साहेब त्या भगदाडाकडे पाठ करून उभे होते आणि फोनमध्ये फक्त त्यांचा चेहरा दिसत होता.

चौथ्या दिवशी, मंगळवारी, दिवेलागणीला काकू बहिणीकडून परत येत होत्या. समोरून सायकल आली. काकूंनी अंग चोरलं, सवयीने कठड्याकडे हात टाकला. तिथे आदल्या शुक्रवारपर्यंत हाताला चादर लागत होती.

नऊ फूट खाली पडल्या. खुब्याचं हाड आणि मनगट. नाल्यात पाणी कमी होतं म्हणून जीव वाचला. मुलगी ज्या इस्पितळात नोकरीला आहे तिथेच त्यांना नेलं. ती शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर उभी असताना तिच्या फोनवर 'हाक'चा निरोप आला. "आपली तक्रार क्रमांक अमुक सोडवण्यात आली. आपण आम्हाला पाचपैकी किती तारे द्याल?" तो आपोआप जातो. मीच तशी सोय करून घेतली होती.

त्याच दिवशी तिने साहेबांच्या त्या व्हिडिओखाली लिहिलं, "ही चादर माझ्या आईने बांधली होती. आज ती तिथून पडली." दहा मिनिटांत साहेबांचा मला फोन. "ती कॉमेंट काढा आधी. उगाच वेगळं वळण लागेल." मी काढली. तिने पुन्हा लिहिलं. मी पुन्हा काढली. तिसऱ्या वेळी मी तिला पानावरून बंदच करून टाकलं. नागरिकांशी थेट संवाद साधण्याचं साधन, मंडळी! त्यात आईला उचलून आणलेल्या मुलीचं तोंड दाबायचं बटणही असतं आणि ते फार सहज दाबलं जातं. त्याचा आवाजसुद्धा होत नाही.

पुलाचा कठडा दुसऱ्याच दिवशी दुरुस्त झाला. वेल्डरने दोन पाइप जोडले. सकाळी नऊला सुरू केलं, जेवणाच्या सुट्टीआधी संपलं. अर्ध्या दिवसाचं काम. साहेबांनी नव्या कठड्यावर हात ठेवून लाईव्ह केलं. मथळा होता, 'तुमची हाक, आमची धाव'. मी तो घरी जेवताना पाहिला आणि ताटावरून उठलो. बायको विचारत राहिली, काय झालं?

आठवड्याने मी इस्पितळात गेलो. काका दारातच भेटले. "या, बसा," म्हणाले. मी सांगितलं, की मी कोण आहे आणि गाठ मी सोडली. काकू पडल्या पडल्या माझ्याकडे बघत होत्या. मला वाटलं, शिव्या देतील, द्यायलाच हव्या होत्या. त्या म्हणाल्या, "चादर कुठे ठेवलीत? जोडीतली होती ती."



काकू आता वॉकर धरून घरातल्या घरात चालतात. पुलापर्यंत येऊ शकत नाहीत. थोरल्या बहिणीला तिच्या सुनेने लांबच्या एका वृद्धाश्रमात ठेवलं, कारण डबा नेणारं कुणी उरलं नाही. दोघी फोनवर बोलतात. थोरलीला ऐकू कमी येतं, त्यामुळे धाकटी ओरडून बोलते आणि ती बहुतेक वेळा "काय?" एवढंच म्हणते. काकांनी मला हे सांगितलं तेव्हा ते खिडकीबाहेर बघत होते.

आता गेल्या महिन्याचं. आपल्या साहेबांना 'उत्कृष्ट डिजिटल लोकप्रतिनिधी' हा सन्मान मिळाला. मानपत्रात लिहिलं आहे, अठ्ठ्याण्णव टक्के तक्रारी निकाली. ते मानपत्र चौकटीत घालून खाली लावायचं काम माझ्याकडे आलं. मी खिळा ठोकायला हात वर केला आणि माझा हात चालेना. किळस येते म्हणजे काय होतं, ते मला त्या दिवशी अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं. साहेबांची तर आलीच, पण जास्त माझी आली. साहेबांना हिरवा पडदा हवा होता, बिचारे तसं उघड बोलून तरी मोकळे झाले. रंग कालवून देणारा मी होतो.

मी खिडकीताईंकडे गेलो. म्हटलं, "ताई, ती जुनी वही आहे का?" त्या म्हणाल्या, "वही आहे. पण तुम्ही चालणार आहात का?" त्या दिवसापासून आम्ही दोघं रोज सकाळी सहा ते नऊ या प्रभागात हिंडलो. हातात निकाली तक्रारींची यादी. ताई दारं वाजवायच्या, "नक्की कुठे? कधीपासून?" करत आत शिरायच्या. तीनशे ठिकाणी आम्ही स्वतः जाऊन पाहिलं. त्यातल्या दोनशे अकरा तक्रारी जशाच्या तशा आहेत. शाळेच्या भिंतीतून लोंबणारी वीजवाहिनी आहे. दवाखान्यासमोरचं गटाराचं उघडं तोंड आहे, त्यावर कुणीतरी तुटकी खुर्ची उलटी घालून ठेवली आहे. ती खुर्ची म्हणजे काकूंची चादरच होती; मी यादी मांडीवर ठेवून रस्त्याच्या कडेला बसलो. ताईंनी पाणी दिलं आणि म्हणाल्या, "उठा, अजून बारा घरं आहेत."

एक चिठ्ठी आली आहे. 'आटोपतं घ्या.' अक्षर ओळखीचं आहे. आटोपतोच, साहेब. आणि फोन सांभाळणाऱ्या बाईंना सांगतो, तुम्हाला तो बंद करायची खूण झालेली मी पाहिली. खुशाल बंद करा, तुमची नोकरी आहे. अशा खुणा मीही पस्तीस वर्षं पाळल्या.

आज सकाळी माझा पासवर्ड चालू होता. सायंकाळी साडेपाचला तो बंद होईल. मी त्या दोनशे अकरा तक्रारी पुन्हा उघडल्या आणि प्रत्येकीपुढे लिहिलं, 'स्वतः पाहिले. काम झालेले नाही.' खाली माझं नाव, ताईंचं नाव आणि तारीख. वरच्या मजल्यावरचा पडदा या क्षणी लाल आहे, कार्यक्रम संपल्यावर ज्यांना पायऱ्या चढवतात त्यांनी बघून या. काढून टाकलेल्या कॉमेंट माझ्याकडे जपलेल्या आहेत, गाठ कुणी सोडली तेही लिहिलं आहे. हे सगळं सहीनिशी मॅडमच्या टपालात दुपारी दिलं आणि पोच घेतली. मॅडम, तुम्ही अजून वाचलं नसेल. आज वाचा, एवढीच विनंती. माझ्यावर जी कारवाई व्हायची ती व्हावी. निवृत्तीची तारीख पुढे करून मी पळणार नाही. यादीच्या प्रती बाहेर दाराजवळच्या टेबलावर ठेवल्या आहेत. आपापल्या गल्लीची तेवढी घेऊन जा आणि खोटी असेल तर मला खोटं ठरवा.

आता आभार. हा कार्यक्रम ज्यांनी मेहनतीने ठरवला त्या सहकाऱ्यांचे आभार, त्यांच्या चहावर मी विरजण घातलं. माझ्याबरोबर पायी हिंडलेल्या खिडकीताईंचे आभार. बायकोचे आभार, तिने सकाळी डब्याचं झाकण लावताना जे सांगितलं त्याबद्दल. आपण सगळ्यांनी माझं बोलणं उठून न जाता ऐकलंत, याबद्दल ऋणी आहे.

बोलण्याच्या भरात शब्द कमीजास्त झाला असेल, कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर तेवढं पोटात घाला. ती या भाषणाची चूक. पुलावरची चूक मात्र कृपा करून पोटात घालू नका. ती माझ्या नावावर लाल राहू द्या.

नमस्कार.